ऑक्सिजन लावलाय म्हणजे सिरीयस आहे का?

दुर्बिणीने पोट तपासतात त्या खोलीचं दार जरासं उघडतं आणि बाहेर बाकावर बसलेल्या मुलाला आतली आई दिसते. कुशीवर झोपलेली, बोटाला ऑक्सिमीटरचा चिमटा, नाकात पारदर्शक नळी. मुलगा उठतोच. जी पहिली सिस्टर बाहेर येईल तिला गाठून विचारतो, "ऑक्सिजन लावलाय? सिरीयस आहे का काही?"

मी भूलतज्ज्ञ आहे आणि या प्रश्नाचा मला कधी राग येत नाही. आपल्याकडे 'ऑक्सिजनवर ठेवलंय' एवढा निरोप आला की माणसं मिळेल त्या गाडीने गावाकडे निघतात. त्यात २०२१चा उन्हाळा सगळ्यांनी पाहिलेला. सिलिंडरसाठी रात्रभर केलेले फोन, घराघरात आलेला ऑक्सिमीटर, 'लेव्हल किती आहे?' ही विचारपूस. त्यानंतर नाकातली नळी दिसली की धस्स होणं साहजिक आहे.

दुर्बिणीच्या वेळचा ऑक्सिजन मात्र आजारासाठी लावलेला नसतो. तो आम्ही देणार असलेल्या औषधापायी असतो, आणि आई पूर्ण शुद्धीत, आमच्याशी बोलत असतानाच लावलेला असतो. याच्या पुढचं दारात उभ्या उभ्या सांगता येत नाही, म्हणून इथे लिहिते. ती नळी आईचा श्वास चालवत नाही. श्वास अडलाच तर ती आम्हाला थोडी सवड मिळवून देते, बस्स. श्वास वेगळा आणि ऑक्सिजन वेगळा. हे दोन्ही एकच धरले की गुंगीतला वाईट घोटाळा होतो.

कठडा नसलेला जिना

जठराची दुर्बीण म्हणजे साधारण ९ ते १० मिलिमीटर जाडीची लवचीक नळी. तोंडातून घसा, अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याची सुरुवात एवढा तिचा प्रवास. नुसतं बघायचं असेल तर पाच-सात मिनिटांचं काम. आपल्याकडे कितीतरी जणांची ही तपासणी घशात बधिर करणाऱ्या लिग्नोकेनचा फवारा मारून जागेपणीच होते. ज्याला उमासे सोसतील त्याने ती तशीच करून घ्यावी, असं माझं मत आहे. भूलतज्ज्ञानेच असं म्हणावं याचं काहींना नवल वाटतं. पण जे औषध दिलंच नाही ते बाधत नाही.

सगळ्यांना ते जमत नाही. आणि मोठ्या आतड्याची तपासणी, पॉलिप (आतड्यात वाढलेली मांसाची गाठ) काढणं, पित्तनलिकेत अडकलेला खडा काढणं ही कामं वेळ खातात, दुखतात. तिथे गुंगी लागते.

गुंगीचा एक जिना समजा. पहिल्या पायरीवर माणूस निवांत असतो, पण गप्पा मारतो. दुसरीवर डोळे मिटतात, हाक मारली की 'हं' म्हणतो. तिसरीवर हाकेला ओ नाही; दुखेल असं काही केलं तरच हात हलवतो. चौथी म्हणजे पूर्ण भूल. दुसऱ्या पायरीपर्यंत श्वास सहसा आपला आपण चालतो. तिसरीवर त्याचा भरवसा नाही, आणि या जिन्याला कठडाही नाही. दुसरीवर ठेवायचं म्हणून दिलेला डोस एखाद्या सत्तरीच्या आजींना थेट तिसरीवर उतरवतो. तेवढाच डोस रोज संध्याकाळी दोन पेग घेणाऱ्या माणसाला पहिलीवरूनही हलवत नाही.

औषधं मुख्यतः तीन. मिडाझोलाम झोप आणतं आणि आठवण पुसतं. फेंटानिल दुखणं मारतं. प्रोपोफॉल हे पांढरंशुभ्र, दुधासारखं इंजेक्शन, कारण ते सोयाबीनच्या तेलात आणि अंड्यातल्या लेसिथिनमध्ये घुसळलेलं असतं; हातातल्या शिरेतून गेलं की अर्ध्या-पाऊण मिनिटात माणूस झोपतो. पहिल्या दोघांना उतारा आहे: मिडाझोलामला फ्लुमाझेनिल, फेंटानिलला नॅलॉक्सोन. प्रोपोफॉलला उतारा नाही. ते उतरेपर्यंत श्वास सांभाळत बसायचं, एवढंच हातात असतं. ते लवकर उतरतं, हाच काय तो दिलासा.

एकाच बोळातून दोघे

घशात अन्नाची आणि हवेची वाट एकच असते. एरवी मान, जीभ आणि टाळूचे स्नायू ती वाट उघडी धरतात. गुंगीत ते सैल पडतात, जीभ मागे पडते आणि बोळ अरुंद होतो. घोरणं म्हणजे अरुंद बोळातून हवा जाताना होणारा आवाज. म्हणूनच "रात्री घोरता का?" असं आम्ही विचारतो आणि पेशंट "नाही" म्हणत असताना आमची नजर बायकोच्या चेहऱ्यावर असते.

मोठ्या आतड्याच्या तपासणीत दुर्बीण दुसऱ्या टोकाकडून जाते, त्यामुळे तोंड तरी आमच्या ताब्यात राहतं. जठराच्या तपासणीत नेमका तोच बोळ पोटाच्या डॉक्टरांनाही हवा असतो. ते तोंडात दातांमध्ये ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या कड्यातून नळी घालतात आणि मला मिळतं ते नाक. पेशंट डाव्या कुशीवर असतो, तोंडातली लाळ बाहेर ओघळावी म्हणून. आतलं नीट दिसावं यासाठी जठरात हवा किंवा कार्बन डायऑक्साइड भरतात. पोट फुगतं, फुप्फुसांखालचा पडदा वर ढकलला जातो आणि श्वासाला जागा आणखी कमी पडते. औषधाने मेंदूची 'श्वास घे' ही हुकमत मंदावलेली असतेच. म्हणजे इंजिन मंद, वर रस्ताही अडलेला.

शिल्लक किती?

श्वास सोडल्यानंतरही फुप्फुसं रिकामी होत नाहीत. आडव्या पडलेल्या मोठ्या माणसाच्या छातीत दोन लिटरच्या आसपास हवा उरतेच. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. आत गेल्यावर तो वाफेत आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये मिसळून १४ टक्क्यांच्या घरात येतो. दोन लिटरचे १४ टक्के म्हणजे जेमतेम २८० मिलिलिटर. शरीराचा खर्च मिनिटाला साधारण २५०. रक्तात आणखी काही ऑक्सिजन असतो, पण तो मोडायला काढला की चिमट्याचा आकडा घसरायलाच लागतो. म्हणजे साध्या हवेवर असलेल्या माणसाचा श्वास थांबला, तर आमच्या हाती मिनिट-दीड मिनिट.

आता त्याच माणसाला गच्च बसवलेल्या मास्कने तीन-चार मिनिटं शुद्ध ऑक्सिजन दिला, तर त्या दोन लिटरमध्ये जवळजवळ सगळा ऑक्सिजनच भरतो. खर्च तोच, पण शिल्लक सात-आठ मिनिटांची होते. मोठ्या ऑपरेशनच्या आधी तोंडावर मास्क धरून "दीर्घ श्वास घ्या" म्हणतात, ते यासाठी.

नाकातली साधी नळी एवढी श्रीमंत करत नाही. मिनिटाला २ लिटरने लावली तर आत जाणारी हवा साधारण २८ टक्के ऑक्सिजनची होते, ४ लिटरने ३६ टक्क्यांच्या आसपास. शिल्लक दीडपट, फार तर दुप्पट. ऐकायला हे थोडं वाटतं. पण खाली गेलेली जीभ वर काढायला, लाळ ओढून घ्यायला मला जे अर्धं मिनिट लागतं ते इथून येतं.

लठ्ठ माणसाची शिल्लक मुळातच कमी असते, कारण पोटाचं वजन फुप्फुसांवर येतं. लहान मुलाचा खर्च वजनाच्या मानाने मोठ्या माणसाच्या दुप्पट. आणि ज्या बायांनी जन्मभर चुलीच्या धुरात स्वयंपाक केला, त्यांची फुप्फुसं विडी न ओढताही विडी ओढणाऱ्यासारखी झालेली असू शकतात. त्यांतल्या काहींच्या शरीरात कार्बन डायऑक्साइड आधीच साठलेला असतो. अशा पेशंटला ऑक्सिजन मोजूनमापून द्यावा लागतो, ८८ ते ९२ एवढाच आकडा पुरे धरून. सरसकट भरपूर दिला तर त्यांच्या रक्तात तो वायू आणखी चढतो.

ऑक्सिमीटरचा आकडा वाचायलाही थोडी युक्ती लागते. आपल्या सह्याद्रीतला एखादा डोंगर डोळ्यांपुढे आणा. माथ्यावर लांबच लांब पठार, चालत राहिलं तरी उंची फारशी उतरत नाही. आणि मग एकदम कोकणकडा. रक्ताचं तसंच आहे. १०० वरून ९५ वर येईपर्यंत रक्तातला ऑक्सिजनचा दाब बराच उतरलेला असतो, तरी आकडा पठारावर रेंगाळतो. ९० ही कड्याची कड. तिथून पुढे आकडा पायऱ्या उतरत नाही, कोसळतो. म्हणून ९३ दिसल्यावर आम्ही घाई करतो तेव्हा 'त्र्याण्णव तर चांगले आहेत की' असं म्हणू नका. दहावीचा निकाल नाही तो.

मोठ्या प्रवाहाची नळी

कोविडच्या वॉर्डांत बऱ्याच जणांनी एक जाड नळीचं यंत्र पाहिलं असेल, ज्याला सगळे 'एचएफएनसी' म्हणायचे. त्यातून मिनिटाला ६० लिटरपर्यंत ऑक्सिजन नाकात सोडता येतो. एवढा कोरडा, गार वारा नाक सहन करणार नाही, म्हणून यंत्र तो ३७ अंशांपर्यंत तापवून ओलसर करतं. साध्या नळीचे २ लिटर श्वासाबरोबर खेचल्या जाणाऱ्या खोलीतल्या हवेत विरून जातात. इथे आत येणारा झोतच श्वासापेक्षा मोठा, त्यामुळे मिसळायला बाहेरची हवा उरत नाही. शिवाय घशात अडकून पडलेली वापरलेली हवा धुऊन निघते, आणि झोताच्या किंचित दाबाने बोळ थोडा उघडा राहतो.

हे कागदावर छान वाटतं म्हणून कुणी लगेच मानलं नाही. २०१९ मध्ये चीनमधल्या तीन केंद्रांतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रोपोफॉल देऊन जठराची तपासणी झालेले १९९४ पेशंट, निम्म्यांना साधी नळी, निम्म्यांना मोठा प्रवाह. साध्या नळीवर आकडा ९० खाली जाण्याचं प्रमाण ८.४ टक्के होतं. मोठ्या प्रवाहावर एकाचाही गेला नाही. ही माणसं तशी धडधाकट होती. २०२१ मध्ये फ्रान्समधल्या ३७९ पेशंटच्या अभ्यासात जास्त जोखमीची माणसं होती. तिथे आकडा ९२ पर्यंत किंवा त्याखाली जाण्याचं प्रमाण साध्या ऑक्सिजनवर ३३.५ टक्के आणि मोठ्या प्रवाहावर ९.४ टक्के निघालं.

मग सगळ्यांनाच का लावत नाहीत? साधा हिशोब करा. आपल्याकडच्या 'बी टाइप' सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो. २ लिटरने तो साडेबारा तास चालतो. ६० लिटरने पंचवीस मिनिटं! भिंतीतून पाइपने ऑक्सिजन येणाऱ्या रुग्णालयात हे जमतं. तालुक्याच्या गावच्या छोट्या दवाखान्यात हा हट्ट धरणं बरं नाही. तरुण, सडपातळ, पाच मिनिटांची तपासणी असलेल्या माणसाला साधी नळी पुरते. यंत्र राखून ठेवावं ते लठ्ठ, घोरणाऱ्या, म्हाताऱ्या किंवा लांबलेल्या तपासणीच्या पेशंटसाठी.

९९ दिसतंय, पण श्वास कुठे आहे?

आता श्वास आणि ऑक्सिजन यांतला तो सुरुवातीचा फरक. १९५९ मध्ये अमेरिकेत फ्रुमिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आज कुणाला परवानगी मिळणार नाही असा एक प्रयोग केला. भूल दिलेल्या ८ पेशंटचे स्नायू औषधाने पूर्ण सैल केले, म्हणजे श्वास साफ बंद. घशात नळी, नळीला शुद्ध ऑक्सिजन जोडलेला, पण पंप करायचा नाही. एकाही श्वासाशिवाय हे काही जणांत तासाच्या जवळपास चाललं. सर्वांत लांबचा काळ ५५ मिनिटांचा. रक्तातला ऑक्सिजन उतरला नाही. रक्त ऑक्सिजन शोषत राहिलं की फुप्फुसात पोकळी होते आणि वरचा ऑक्सिजन आपोआप खाली ओढला जातो. कार्बन डायऑक्साइड मात्र बाहेर जायला श्वासच लागतो. एरवी ४० च्या आसपास असणारा त्याचा दाब एका पेशंटमध्ये २५० वर गेला.

याचा अर्थ नीट बघा. श्वास पूर्ण बंद, आणि बोटाचा चिमटा मजेत ९९ दाखवू शकतो.

चिमट्याचा यात दोष नाही. निहोन कोडेन या जपानी कंपनीतले ताकुओ आओयागी दुसरंच काहीतरी मोजायला गेले होते. नाडीच्या ठोक्यांमुळे त्यांच्या मोजणीत सारखा अडथळा येई. तो अडथळाच कामाचा आहे हे त्यांच्या ध्यानात आलं आणि १९७४ मध्ये पल्स ऑक्सिमीटरची कल्पना पुढे आली. बोटातून एक लाल आणि एक न दिसणारा अवरक्त प्रकाश जातो. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं रक्त ते कमीजास्त शोषतात. चिमटा सांगतो तो रक्तातल्या ऑक्सिजनचा हिशोब. श्वास चालू आहे का हे त्याला कुणी विचारलेलंच नाही. शिवाय गार पडलेलं बोट, गडद निळं-काळं नेलपेंट, काळा रंग मिसळलेली मेंदी यांनी तो गोंधळतो. सावळ्या कातडीवर तो आकडा थोडा वाढवून सांगू शकतो, हेही अमेरिकेतल्या २०२० च्या अभ्यासातून ठळकपणे पुढे आलं.

ऑक्सिजनची नळी लावलेल्या माणसात श्वास थांबल्याची बातमी चिमट्याला मिनिटांच्या उशिराने पोचते. आम्ही शिल्लक वाढवली, तशी धोक्याची घंटाही लांबवली. म्हणून दुसरं यंत्र लागतं. नाकाच्या नळीलाच एक बारीक फाटा असतो, तो उच्छ्वासातली हवा ओढून त्यातला कार्बन डायऑक्साइड मोजतो. पडद्यावर प्रत्येक उच्छ्वासाची एक टेकडी उमटते. टेकड्या येताहेत तोवर श्वास चालू. रेघ सपाट झाली की आकडा काहीही असो, उठायचं. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ पासून मध्यम आणि खोल गुंगीत हे बघणं प्रमाण मानलं. पण मोठ्या प्रवाहाच्या झोतात उच्छ्वास इतका पातळ होतो की याही यंत्राचं नीट चालत नाही. तिथे उरतं ते सर्वांत जुनं साधन: छाती हलते आहे का हे बघणारे डोळे.

न्यूयॉर्कची प्रसिद्ध विनोदकार जोन रिव्हर्स २८ ऑगस्ट २०१४ ला अशाच एका बाह्यरुग्ण केंद्रात घसा आणि जठराच्या दुर्बिणीसाठी गेली. औषध प्रोपोफॉल. ४ सप्टेंबरला तिचा मृत्यू झाला, वय ८१. ऑक्सिजन न मिळाल्याने मेंदूला झालेली इजा, असं शवचिकित्सेतून निष्पन्न झालं. सरकारी चौकशीत निघालं की तिची नाडी, रक्तदाब वगैरे ढासळत असताना ते वेळेत ओळखून हालचाल झाली नाही, आणि औषध देण्याआधी वजनाचीही नोंद नव्हती. केंद्र मॅनहॅटनमधलं. यंत्रांची तिथे वानवा नसणार.

खरोखर आकडा पडायला लागला की खोलीत जे होतं ते बाहेरून भयंकर वाटेल, पण बहुतेक वेळा अगदी साधं असतं. पेशंटला मोठ्याने हाक. औषध थांबवणं. जबड्याच्या दोन्ही कोनांमागे बोटं घालून तो पुढे उचलणं. जीभ बरोबर वर येते आणि दहापैकी आठ वेळा, माझ्या अनुभवात, एवढ्यावर भागतं. नाही भागलं तर लाळ ओढायची, नाकातून मऊ नळी सरकवायची, ऑक्सिजन वाढवायचा. तरीही नाही तर पोटाच्या डॉक्टरांना सांगायचं, "सर, स्कोप बाहेर." या वाक्यावर वाद घालायचा नसतो. मग तोंडावर मास्क आणि फुग्याने श्वास. लाळेचा थेंब स्वरयंत्रावर पडून ते गच्च मिटलं असेल तर नाकातून कितीही ऑक्सिजन सोडा, तो आत जात नाही. मास्कने दाबच द्यावा लागतो.

हे सगळं करायला खोलीत एक माणूस असा हवा ज्याला दुसरं काही काम नाही. तपासणीची तारीख घेताना नातेवाइकांनी एकच प्रश्न विचारला तरी पुरे: गुंगी कोण देणार, आणि ती व्यक्ती दुसरं काही करत असणार का? खर्च थोडा वाढेल. जिथे लोक कचरतात तो खर्च नेमका हाच असतो, आणि मला ते कधी पटलेलं नाही.

तुमच्या बाजूनेही थोडं खरं बोला. घोरणं, दमा, झोपेच्या गोळ्या, दारू, वजन उतरवायची नवी इंजेक्शनं (त्यांनी जठर उशिरा रिकामं होतं), हलणारा दात, कवळी, सगळं सांगा. उपाशी म्हणजे खाण्यापासून सहा तास आणि साध्या पाण्यापासून दोन. "काही नाही हो, फक्त अर्धा कप चहा घेतला" हे मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. आपला चहा दुधाचा, तो पाण्यात मोडत नाही. गुंगीत उलटून तो फुप्फुसात गेला तर नाकातल्या नळीचा काडीचा उपयोग नाही.

दुर्बीण बाहेर आली की सगळे सुटकेचा श्वास सोडतात. मी तेव्हा स्टूल पेशंटच्या आणखी जवळ ओढते. घशातली नळी टोचत होती तोवर तीच त्याला थोडंफार जागं ठेवत होती. आता टोचणारं काही नाही आणि औषध अजून अंगात आहे. थोड्या वेळाने आई डोळे उघडते आणि विचारते, "सुरू कधी करणार?" तेव्हा आम्ही नाकातली नळी काढतो, चिमटा तसाच ठेवतो आणि काही मिनिटं नुसतं बघत बसतो. साध्या हवेवर, उसनं काही न घेता, आकडा टिकतो का ते. टिकला की मुलाला आत बोलावतो.